सूत्र हाती धरणाऱ्याची जबाबदारी

मराठीच्या प्राध्यापकाने विमानांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होते, त्यांनीच १९६७ साली आपल्या शाळेच्या एनसीसी पथकात मला तारेवरचे विमान उडवावयास शिकवले. ‘सूत्रधार’ या शब्दाची व्युत्पत्ती मी पुढे शिकलो. त्याचा अर्थ मात्र वडोदऱ्याच्या या मैदानावरच कळला.

‘कंट्रोल लाइन’ विमानाची रचना साधी असते. उडवणारा वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातातील मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा विमानातील तरफेपर्यंत जातात. मूठ कलली की तरफ फिरते, शेपटीची झडप हलते आणि विमान वर किंवा खाली जाते. दीड किलोचे विमान २० मीटर तारेवर सेकंदाला २५ मीटर वेगाने फिरत असेल, तर हातावर सुमारे पावणेपाच किलोची ओढ येते. वेग दुप्पट झाला, की ओढ चौपट होते.

म्हणूनच गुरुजींचे नियम कडक होते. प्रत्येक उड्डाणापूर्वी एकाने विमान धरायचे आणि दुसऱ्याने मूठ जोराने ओढून तारा व जोड पारखायचे. गंजलेली वा पीळ पडलेली तार तत्काळ बाद. इंजिन सुरू असता पंख्यापुढे हात न्यायचा नाही. मुठीचा पट्टा मनगटाला बांधल्याविना उड्डाण नाही.

सर्वांत कडक नियम विजेच्या तारांचा. उत्तरायणात तारांत अडकलेला पतंग काढू नये, हे आपण मुलांना बजावतो. येथे तर दोरच पोलादी आणि तो मुठीत धरलेला! उच्च दाबाच्या वाहिनीला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही, तरी जवळ गेलेल्या तारेकडे वीज झेप घेऊ शकते. म्हणून मैदानावर पाऊल टाकताच गुरुजी प्रथम वर पाहत. ढग गडगडू लागले, की विमाने पेटीत जात.

एके दिवशी पट्टा काचतो म्हणून मी तो गुपचूप सोडला. घामाने मूठ निसटली. विमान वर्तुळ सोडून सरळ निघाले आणि तारा फरफटवीत कुंपणाजवळ आदळले. थोड्याच वेळापूर्वी खालच्या वर्गातील मुले तेथे बसली होती. गुरुजींनी त्यांना उठवून पार माझ्या पाठीमागच्या व्हरांड्यात नेले होते.

ते रागावले नाहीत. मध्यबिंदूपासून त्या जागेपर्यंतची पावले त्यांनी मला मोजावयास लावली. सदतीस भरली. “विमान पुन्हा बांधता येईल,” एवढेच ते म्हणाले.

एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्र अशी विमाने आजही उडवतात. आपल्यापैकी कोणी त्यांच्या मदतीस उभे राहणार असेल, तर त्याने आधी वर पाहावे, मग मुलांना मागे न्यावे आणि शेवटी उडवणाऱ्याच्या मनगटावरचा पट्टा स्वतःच्या हाताने तपासावा.