दोन पत्ते आणि एक वाडी

विरारला गाडीतून उतरून आगाशीच्या रस्त्याला लागले, की आमच्या घरातल्या माणसांचे आवाज आपोआप खाली येतात. कारण आगाशीच्या घरात अण्णा आहेत. अण्णा म्हणजे आमचे थोरले काका. वय ऐंशीच्या पुढे. झोपाळ्यावरची त्यांची जागा ठरलेली, आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच, अशी आम्हां सर्वांची लहानपणापासूनची समजूत.

गेल्या दिवाळीत सारे जमलो तेव्हा प्रश्न जुनाच होता. घरामागची वाडी ठेवायची की विकायची? या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी एके काळी मुंबईच्या नातलगांकडे पोचत. आता निम्मी आळी कोरडी पडली आहेत. विकावी तर पिढ्यांची माती जाते. ठेवावी तर कसणार कोण? तीन दिवाळ्या हा प्रश्न फराळाबरोबर बाहेर येई आणि फराळाबरोबरच डब्यात परत जाई.

या खेपेस भाचीने पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला. म्हणाली, "मामा, टॅरोला विचारू या!"

वाचकहो, या टॅरोभोवती गूढतेचे वलय मोठे असले, तरी त्याचा जन्म साधा आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निव्वळ खेळायला निघाले. त्यांवरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. आज सर्वत्र दिसणारा अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा जोड १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आर्थर वेट यांची कल्पना, आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची.

भाचीने दोन पत्ते उलटले. पहिला सम्राट. दगडी सिंहासन, त्यावर मेंढ्यांची मुंडकी कोरलेली, पांढरी दाढी, हाती राजदंड. दुसरी तलवारींची दुर्री. समुद्राकडे पाठ करून बसलेली एक स्त्री; डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारींची फुली, वर चंद्रकोर. सत्ता आणि संभ्रम! सगळ्यांच्या नजरा चोरून झोपाळ्याकडे गेल्या. सम्राट कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. डोळे बांधलेले आम्ही, हेही उघड होते.

मी मराठी शिकवणारा माणूस. समोर आलेले पुन्हा एकदा वाचायचे, ही आमच्या धंद्याची खोड. नीट पाहिले तेव्हा दिसले, की सम्राटाच्या तांबड्या वस्त्राखाली चिलखत आहे. स्वतःच्या सिंहासनावर बसलेल्या माणसाला चिलखत कशाला? आणि त्या स्त्रीचे हात कोणी बांधलेले नाहीत. तलवारी खाली ठेवल्या, तर पट्टी तिला स्वतःच सोडता येईल. पण त्या पेलण्यातच तिचे बळ खर्च होते आहे. अनिश्चय म्हणजे आळस, असे आपण समजतो. पण काहीच न ठरवता तीन वर्षे काढणे, हेही हात भरून येण्यासारखे काम आहे.

आपल्याकडेही असे विचारणे नवे नाही. कोकणात देवाला कौल लावतात. कुठे फुले, कुठे तांदूळ. उजवा कौल मिळाला तर होकार, डावा मिळाला तर नकार. पण त्याआधी गाऱ्हाणे घालावे लागते. प्रश्न सर्वांदेखत, स्पष्ट शब्दांत मांडावा लागतो. नवसाची गोष्ट वेगळी. आगाशीचे भवानीशंकराचे देऊळ ज्यांच्या नावाशी जोडले जाते, त्या वसईच्या शंकराजी केशव फडक्यांनी वज्रेश्वरीचे देऊळही बांधले. तो चिमाजी अप्पांचा नवस, असे परंपरा सांगते. वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आला. नवस बोलणाऱ्याचे 'लढायचे' हे आधी ठरलेले असते. तो देवीकडे फक्त यश मागतो. आम्ही नवसही बोललो नव्हतो आणि गाऱ्हाणेही घातले नव्हते. तीन वर्षांत अण्णांना तोंडावर कोणी विचारलेच नव्हते!

मीच धीर केला. "अण्णा, वाडीचे काय करायचे तुमच्या मनात आहे?"

झोपाळा थांबला. कडीची करकरही थांबली.

"माझ्या मनात?" अण्णा म्हणाले. "अरे, तुम्ही मुले काही बोलत नाही, म्हणून मी गप्प. ठेवा म्हटले तर तुमच्या गळ्यात धोंडा. विका म्हटले तर उद्या म्हणाल, म्हाताऱ्याने वाडी घालवली. मला वाटायचे, तुम्ही ठरवाल."

त्यांच्या अंगातले चिलखत मला तेव्हा दिसले. आम्ही त्यांच्या धाकाआड लपलो होतो आणि ते आमच्या मौनाआड. दोन्ही पत्ते दोन्ही बाजूंना होते. तेवढ्या काळात वाडी मात्र आमच्यासाठी थांबली नव्हती. एकेक आळे सुकत तिचा निकाल आपणच लागत चालला होता.

त्या रात्री कंदिलाखाली सातबाऱ्याचा उतारा निघाला. ताईपासून भाचीपर्यंत प्रत्येकाने आपले मत सांगितले, भांडणेही झाली. शेवटी ठरले, की विहिरीकडची बाजू कसायला द्यायची आणि उरलेल्या जागेचा विचार पाडव्यानंतर पुन्हा बसून करायचा. निर्णय अर्धाच, पण सर्वांच्या तोंडचा.

भाची पत्ते आवरू लागली, तेव्हा अण्णांनी हात पुढे केला. सम्राट चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बिचारा! याच्या मागे सगळे डोंगर उघडेबोडके. एक केळ नाही रे लावलेली."