हात लहान, दांडा जाड

विहारामागच्या व्यायामशाळेत बार म्हणून वापरतात तो नळाचा जुना दोन इंची पाईप. दोन्ही टोकांना तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजने. दुकानातला बार घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून हा बनवला आणि त्यावर बरीच पोरे तयारही झाली. मागे एका रविवारी वंदना आटोपल्यावर दहावीतला एक मुलगा तो पाईप उचलायला वाकला. पाईप गुडघ्यापर्यंत आला आणि बोटांतून निसटला. तिथे शिकवणारे दादा सर्वांदेखत म्हणाले, "तुझा पंजाच लहान आहे रे. जन्मजात आहे ते. तुला नाही जमायचं."

मुलगा घरी गेला तो पुन्हा आलाच नाही. चार दिवसांनी त्याची आई आम्हाला भेटली. रस्त्याच्या कामावर फावडे मारणारी बाई. म्हणाली, "जयभीम भाऊ. खरं सांगा, पंजा लहान असला म्हणजे ताकद येतच नाही का? पोरगं जेवताना पण स्वतःचे हात बघत बसतंय."

'जन्मजात' हा शब्द आमच्या कानाला टोचतो, का ते वाचकांना सांगायला नको. पण राग आला म्हणून दुसऱ्याचे म्हणणे न तपासता फेकून द्यावे, ही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. म्हणून आम्ही आधी दोरा आणि मोजपट्टी घेऊन व्यायामशाळेत गेलो.

स्पर्धेत पुरुषांसाठी जो बार असतो त्याची जाडी २८ मिलिमीटर. त्याभोवती दोरा गुंडाळला तर तो ८.८ सेंटिमीटर भरतो. एवढ्या दांड्याभोवती कोणाचाही हात पुरा वळतो. बोटे वळतात, वर अंगठा येऊन बसतो आणि कडी लावल्यासारखी पकड होते. आता आमचा पाईप पाहा. 'दोन इंची' हे त्याचे नुसते नाव. बाहेरून तो ६० मिलिमीटर जाड आहे आणि दोरा लागला जवळजवळ १९ सेंटिमीटर! त्या मुलाचा हात मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर. त्याचा अंगठा आणि बोटे यांच्यात चांगली रुंद फट राहते, म्हणजे कडी लागतच नाही. दांडा नुसत्या उघड्या बोटांवर टांगलेला राहतो, आणि जाड असल्यामुळे वजन बोटांना उलगडायला बघते. त्यातून आमच्या बारची वजने सिमेंटने पक्की बसलेली. स्पर्धेच्या बारची टोके सुटी फिरतात, इथे वजन फिरले की दांडाही हातात फिरतो. ज्याचा पंजा २१ सेंटिमीटर आहे त्याची फट लहान राहते, त्याला हे सोपे जाते.

तेव्हा दादांचे अर्धे म्हणणे खरे. दांडा पातळ असेल तर पंजाच्या मापाने फारसा फरक पडत नाही. जाड असेल तर पडतो, आणि दोघांची ताकद सारखीच असली तर मोठ्या पंजाचा पुढे जाणार. इंग्लंडच्या टॉमस इंच (१८८१–१९६३) या पहिलवानाच्या डंबेलची मूठ जवळपास आमच्या पाईपाएवढीच जाड होती. वजन अवघे ७८ किलो. पण भलेभले पहिलवान तो एका हाताने जमिनीवरून उचलू शकले नाहीत. दहावीतल्या मुलाच्या हातून असला दांडा निसटला, यात लाज कसली?

उरलेले अर्धे म्हणणे मात्र चूक आहे. ते का, हे सांगण्यासाठी आम्ही एका माणसाची गोष्ट सांगतो. आमच्या घराघरांत ती माहीत असायला हवी.

त्याचे नाव जॉन डेव्हिस. जन्म १९२१, अमेरिकेतला काळा माणूस, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले ते हेच शहर. १९३८ साली व्हिएन्नात वेटलिफ्टिंगची जागतिक स्पर्धा झाली. काही महिन्यांपूर्वीच ते शहर हिटलरच्या ताब्यात गेले होते. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे ढोल बडवणाऱ्यांच्या त्या शहरात सतरा वर्षांचा हा काळा मुलगा जगज्जेता झाला. पुढे लंडन (१९४८) आणि हेलसिंकी (१९५२) अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने घेतली. त्याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले.

पण आम्हाला सांगायची आहे ती १९४९ ची गोष्ट. फ्रान्समध्ये लुई युनी ऊर्फ अपोलॉन (१८६२–१९२८) नावाचा धिप्पाड पहिलवान होऊन गेला. रेल्वेची दोन चाके आणि मधला कणा असे त्याचे वजन होते, १६६ किलो. कणा ४९ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या दीड इंची पाईपाएवढा, आणि चाके कण्याला पक्की. आमच्या बारसारखेच! अपोलॉननंतरही ती चाके डोक्यावर नेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. १९३० मध्ये फ्रान्सच्याच शार्ल रिगुलोने ती उचलली. १९४९ मध्ये पॅरिसला डेव्हिस त्या चाकांपुढे उभा राहिला.

आणि डेव्हिसचे पंजे त्याच्या शरीराच्या मानाने लहान होते. दोन्ही तळवे खाली ठेवून नेहमीच्या पद्धतीने धरले तर कणा हातात टिकेना. म्हणून त्याने एक तळवा खाली आणि दुसरा वर अशी उलटसुलट पकड घेतली. तिचा फायदा असा, की कणा एका हातातून निसटायला फिरू लागला की दुसऱ्या हातात घट्ट बसतो. पण या पकडीने वजन खांद्यावर घेता येत नाही. मग त्याने काय करावे? जोराने वर खेचून, चाके हवेत असतानाच एक हात सोडायचा, फिरवायचा आणि पुन्हा पकडायचे. १६६ किलो लोखंड हवेत असताना! पहिल्या झटक्यात जमले नाही. पण शेवटी चाके खांद्यावर आली आणि तिथून डोक्यावर गेली. त्या काळी त्याच्या देशात दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसता येत नव्हते.

१९५१ मध्ये क्लीन अँड जर्कमध्ये ४०० पौंडांची हद्द अधिकृत स्पर्धेत ओलांडणारा पहिला माणूसही हाच. १९८४ मध्ये तो वारला.

डेव्हिसचे हात वाढले नव्हते. त्याने पकड बदलली, आणि कोपरापासून मनगटापर्यंतची ताकद त्याच्याजवळ होतीच. बोटे मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात आणि दोऱ्यांसारख्या शिरांनी बोटे ओढतात. हाडाचे माप ठरलेले असते, हे स्नायू मात्र सरावाने वाढतात.

पालकांनी मुलांकडून असा सराव करून घ्यावा. पातळ दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी थोडी गुंडाळून हलके वजन कमरेइतके उचलून धरायचे, दहा-पंधरा सेकंद. आठवड्यातून दोनदाच. सवय झाली की पट्टीचा एक वेढा वाढवायचा. पाण्याची बादली कडीला टॉवेल बांधून धरली तरी चालते. बोटांना रबर अडकवून ती उघडायचाही व्यायाम हवा, नुसते मिटणे नको. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर थांबायचे. जाड दांडा डोक्यावर न्यायचा नाही, आणि डेव्हिसची हवेतली कसरत तर मुळीच नको. उलटसुलट पकडीत वर केलेल्या हाताचे कोपर वाकवून जड वजन ओढले तर दंडाची शीर तुटते.

बायकांच्या स्पर्धेचा बार २५ मिलिमीटरचा आणि १५ किलोचा असतो, पुरुषांचा २० किलोचा. खेळाच्या जगाने हाताप्रमाणे दांडा केला, हे आम्हाला फार आवडले. कामाच्या जागी मात्र बाई असो की बाप्या, फावड्याचा दांडा एकच! साधारण तीन ते चार सेंटिमीटर जाडीवर माणसाची मूठ सर्वात जोरात आवळते, लहान हाताला त्यातले कमी माप बरे. त्या माउलीच्या फावड्याचा दांडा आम्ही मोजला, साडेचार भरला. सुताराकडून तो तासून घ्यायला सांगितला आहे.

मुलगा आता येतो. दादांनीच त्याला घरी जाऊन आणले, हेही सांगितले पाहिजे. एक इंची पाईपाचा नवा बार करायचा ठरले आहे. तो बाहेरून ३४ मिलिमीटर भरतो. जुना पाईप कोपऱ्यात उभा आहे, आणि मुलगा तिकडे बघत असतो.