व्हर्च्युअल मशीन हलवण्याआधी हे वाचा
व्हीएमवेअरची मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन पहिल्यांदा सुरू केली की प्रश्न येतो: हलवली की कॉपी केली? घाईत 'कॉपी' दाबू नका! त्याने मशीनला नवा यूयूआयडी आणि नवा मॅक ॲड्रेस मिळतो. विंडोजचं ॲक्टिव्हेशन हार्डवेअरच्या अशाच खुणांवर बेतलेलं असतं, त्यामुळे त्याला हा परकाच कॉम्प्युटर वाटतो. जुनी प्रत वापरणार नसाल तर 'हलवली' म्हणा, यूयूआयडी तोच राहतो.

तरीही ॲक्टिव्हेशन गेलंच तर? विंडोज १० च्या २०१६ मधल्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं. ते आधी जोडलेलं असेल तर सेटिंग्जमधला ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटर बऱ्याचदा काम फत्ते करतो. मात्र लॅपटॉपसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या लॅपटॉपपुरतंच असतं.