डबा कीं केराची टोपली ?

लाडू, वड्या, औषधें, क्वचित् पैसेदेखील आपल्याकडे झांकणाच्या डब्यांत ठेवितात. तेव्हां बाळकुम येथील आमच्या घरांत वहिनींनीं कैलासवासी दादांचीं छायाचित्रें मोबाइलांतील डब्यासारख्या चित्रावर बोट ठेवून ‘नीट ठेविलीं’, यांत त्यांचा दोष किती धरावा ? तो डबा नव्हता. ती केराची टोपली होती! तींत टाकलेलें कांहीं दिवसांनीं आपोआप नष्ट होतें. नातवाच्या वेळींच लक्षांत आलें, म्हणून दादा पुन्हां दृष्टीस पडले.

या चिमुकल्या चित्रांस आयकॉन म्हणतात, व तीं काढण्यासाठीं निराळे आयकॉन-एडिटर असतात. नातवानें एक उघडून दाखविला. पडद्यावर चौकटींची जाळी. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल. टिचकी मारून रंग भरावा, चुकल्यास पुसावा; शेजारीं तेंच चित्र मूळ लहान आकारांत दिसत राहतें. बत्तीस ओळी, ओळींत बत्तीस घरें, एकंदर १,०२४. वहिनी पाहतांच म्हणाल्या, “भाऊजी, ही तर आमची ठिपक्यांची रांगोळी !”

त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. ॲपलच्या मॅकिन्टॉश यंत्राकरितां सुझन केअर या चित्रकर्तीनें १९८३ च्या सुमारास अशीं चित्रें प्रथम चौकटींच्या वहींतच भरलीं. पुढें अँडी हर्ट्झफेल्ड यांनीं त्या कामासाठीं एडिटर रचून दिला. १९८४ सालीं बाजारांत आलेल्या त्या यंत्रावर टाकाऊ गोष्टींसाठीं झांकणाचें पिंप होतें. अमेरिकेंत केराचें पिंप तसेंच असे. आपल्याकडे मात्र झांकण म्हटलें कीं फराळाचा डबा आठवतो.

मोठें चित्र नुसतें आखडून भागत नाहीं. सोळाच्या जाळींत २५६च घरें; तेथें बारीक रेघ नाहींशी होते. म्हणून विंडोजच्या एकाच आयकॉन-फाइलींत १६, ३२, ४८ व २५६ अशा निरनिराळ्या मापांचीं चित्रें ठेवितां येतात. सूत्रकारांप्रमाणें येथेंही थोडक्यांत, पण संशय न ठेवितां बोलावें लागतें.

असें बोलणारें चिन्ह आपल्या जवळच घडलें आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेल्या डी. उदयकुमार यांनीं रेखाटलेलें रुपयाचें चिन्ह सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें. देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांचा तो मिलाफ इतका सुटसुटीत, कीं वाण्याच्या पाटीवर तो खडूनेंही निघतो.

वहिनींनीं मग नातवाला शेजारीं बसवून जाळींत आपलें चित्र भरवून घेतलें : केराचा ढीग व केरसुणी. मोबाइलांतील टोपली त्यायोगें बदलली नाहीं; तें ती करणारांच्या हातीं. परंतु सोळाच्या आकारांतही ती केरसुणी घरांतील सर्वांनीं ओळखली.

आयकॉन काढणाऱ्या तरुणांस आमची एकच सूचना. आपलें चित्र एकदां घरांतील वडीलधाऱ्यांपुढें धरावें, व दुसरें कांहीं न सांगतां “हें काय ?” एवढेंच विचारावें.