कर्बनलिका आणि घरचें पाणी

वसईच्या खाडीकांठीं, भाईंदरच्या बाजूस उभें राहिलें कीं, येथें पाण्यास तोटा नसावा असें वाटतें. उत्तरेस खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि जवळच जुनीं मिठागरें. परंतु हें पाणी मीठ पिकविणारें. तहान भागविणारें नव्हे. ज्या उल्हास नदीचें पाणी शहाड-टेमघर योजनेंतून मीरा-भाईंदरला येतें, तीच नदी या खाडीस मिळतां मिळतां खारी होऊन जाते! म्हणूनच येथील गृहिणीस नळाच्या प्रत्येक हंड्याचें मोल ठाऊक आहे.

आमच्या आज्या नळास फडकें बांधीत व गढूळ पाण्यांत तुरटी फिरवीत. आज फडक्याची जागा पटलानें घेतली आहे. तें पॉलीसल्फोनसारख्या बहुवारिकाचें, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचें असतें. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें अशाच पटलाचें, विजेवांचून चालणारें घरगुती शोधनयंत्र सिद्ध केलें आहे. परंतु फडक्याचा दोष पटलासही आहे. पॉलीसल्फोनला पाण्याचें वावडें. त्यामुळें मळ व जंतु यांचा बुळबुळीत थर त्यावर बसतो, धार बारीक होते आणि पटल बदलण्याचा खर्च गृहस्थाच्या माथीं येतो.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ कर्बनलिकेकडे वळले. १९९१ सालीं सुमिओ इजिमा या जपानी शास्त्रज्ञाच्या निबंधानें तिच्याकडे जगाचें लक्ष वेधलें. पेन्सिलींतील कर्बाचा अतितलम पत्रा गुंडाळावा तशी ही नळी; तिची जाडी नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लक्षाव्या भागांत, मोजावयाची. २००४ सालीं काशी हिंदु विश्वविद्यालयाचे ओंकारनाथ श्रीवास्तव, अमेरिकेंतील पुलिकेल अजयन व त्यांचे सहकारी यांनीं अशा नळ्यांचीच गाळणी करून पाण्यांतील जंतु, इतकेंच नव्हे तर पोलिओचे विषाणूही, अडवून दाखविले.

बहुवारिकांत मात्र कोरी नळी घालून भागत नाहीं. तिलाही पाण्याचा तिटकारा. शिवाय नळ्या एकमेकींस बिलगून गुठळ्या होतात. म्हणून नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणांत त्यांवर संस्कार करितात. तेणेंकरून त्यांच्या अंगीं जलप्रीति येते. अशा नळ्या बहुवारिकाच्या द्रावणांत अल्प प्रमाणांत मिसळून, काचेवर लेप देऊन, तो पाण्यांत बुडविला कीं सच्छिद्र पटल तयार होतें. त्यांतून पाणी अधिक वेगानें जातें व मळ कमी चिकटतो. पाणी नळ्यांच्या पोकळींतूनच धांवतें, ही समजूत येथें फारशी खरी नव्हे. नळ्या आडव्यातिडव्या विखुरलेल्या असतात, आणि मुख्य लाभ पटलाचा पृष्ठभाग व छिद्रें बदलल्याचा असतो. नळ्यांचें प्रमाण मात्र मिठासारखें राखावें लागतें. चिमटीनें गोडी येते, मुठीनें सारें नासतें.

वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. अशीं गाळणपटलें जंतु अडवितात. विरघळलेलें मीठ अडवीत नाहींत. त्यासाठीं याहून घट्ट पटल लागतें. दुसरें, लांब व ताठ कर्बनलिका श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास अपाय होतो असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें आहे. तेव्हां पटलांतून सुटून त्या पाण्यांत उतरत नाहींत, याची दीर्घकाळ परीक्षा झालीच पाहिजे.

उद्यां कोणी विक्रेता कर्बनलिकेचें नांव सांगत दारीं आला, तर नांवास भुलूं नये व नांवास भिऊंही नये. पटल किती दिवस टिकतें आणि त्यांतून नळ्या सुटतात काय, हे दोन प्रश्न घरच्या गृहिणीनें त्यास अवश्य विचारावे. घरांतील लहानथोर पितात तें पाणी तिच्याच हातून जातें.