मिठाच्या रस्त्यावरची ॲल्युमिनियमची चाके

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, गॉडरिच गावाजवळ, ह्यूरन सरोवराच्या तळाखाली सुमारे साडेपाचशे मीटर खोल जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. तिथले बरेचसे मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरायला जाते. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे २ कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. त्याने बर्फ वितळतो, जीव वाचतात. आणि तोच खारट चिखल उडून ट्रकच्या चाकांवर बसतो.

आपल्याकडे बहुतेक ट्रक लोखंडी डिस्कवर धावतात. उत्तर अमेरिकेत लांब पल्ल्याच्या गाड्यांना मात्र घडाई केलेल्या ॲल्युमिनियमची चाके सर्रास दिसतात. अल्कोआ कंपनीने १९४८ साली ती आणली. नेहमीच्या मापाचे लोखंडी चाक तीस किलोच्या वर भरते, ॲल्युमिनियमचे वीसच्या आसपास. अठरा चाकांच्या गाडीत दोनशे किलोच्या आसपास वजन वाचते आणि तेवढा माल जास्त भरता येतो. चाके महाग असतात, म्हणून मालक ती जिवापाड घासतात. पण त्या घासण्यामागचे अनेक समज चाकांचे आयुष्य वाढवण्याऐवजी घटवतात.

पहिला समज असा, की ॲल्युमिनियमला गंज लागत नाही. हवेशी संपर्क येताच या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. हे खरे आहे, पण हा थर फार आम्लही सोसत नाही आणि फार अल्कलीही. साधारण ४ ते ८.५ या पीएच मर्यादेतच तो टिकतो. आणि क्लोराइडशी त्याचे मुळीच जमत नाही. मिठातले क्लोराइड थरातली कच्ची जागा शोधून आत शिरते. तिथे विरघळणारा धातू त्या बारीक खड्ड्यातले पाणी अधिक आम्ल करतो, आम्लामुळे अजून धातू विरघळतो, आणि खड्डा आपला आपण खोल जात राहतो. बाहेरून दिसते ती फक्त तोंडाशी जमलेली पांढरी भुकटी.

इथूनच दुसरा आणि सर्वांत घट्ट बसलेला समज येतो: चाक आरशासारखे चमकवले की ते सुरक्षित झाले. पॉलिश म्हणजे धातूचा वरचा पापुद्रा खरवडून काढणे, दुसरे काही नाही. घासताना फडके काळे होते तेव्हा मळ निघतोय असे वाटते. प्रत्यक्षात त्यातला बराचसा काळेपणा चाकाच्याच धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. स्वच्छ चाक घासले तरी फडके काळेच होणार. खडबडीतपणा गेल्याने चिखल कमी धरतो हा पॉलिशचा खरा फायदा. पण नुकताच उघडा पडलेला तो धातू मेण किंवा पॉलिमरचा सीलंट लावल्याशिवाय मिठाच्या रस्त्यावर नेणे म्हणजे सगळी मेहनत पहिल्या हिमवादळात घालवणे. खड्डे पडले असतील तर आधी ते पूर्ण निघेपर्यंत घासावे लागते, ४०० पासून १००० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने क्रमाने, मग कापडी बफने. खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड राहिले, तर वरून चमकणारे चाक आतून पोखरतच राहते.

घासायला स्टील वूल घेऊ नका. त्याचे लोखंडी तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल लागताच तिथूनच नवे डाग सुरू होतात.

मात्र हे सगळे उघड्या धातूच्या चाकांना लागू. टोरांटो किंवा डेन्व्हरला राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या पिकअपची चाके बहुधा ओतीव असतात आणि त्यांवर पारदर्शक लॅकर असते. तिथे धातूचे पॉलिश लावले तर लॅकरच उतरते. दगड लागून लॅकरला टवका उडाला की त्याच्याखाली दोऱ्यासारख्या वाकड्या रेषांनी गंज पसरत जातो; घासून तो जात नाही, लॅकर पूर्ण काढून नव्याने चढवावे लागते. अल्कोआच्या ‘ड्युरा-ब्राइट’ चाकांवर कारखान्यातच प्रक्रिया केलेली असते. त्यांना साबण-पाणी पुरते, पॉलिश वर्ज्य.

आता ‘ब्राइटनर’विषयी, आणि हे वाचून सोडून देऊ नका. फवारले की पांढरे डाग क्षणात नाहीसे करणाऱ्या अनेक द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याला जन्म देणारे अमोनियम बायफ्लुओराइड असते. चाकाचे नुकसान तर होतेच, कारण डागाबरोबर संरक्षक थर आणि खालचा धातूही जातो, पृष्ठभाग दुधी पडतो. पण माणसाचे नुकसान त्याहून भयंकर आहे. सौम्य द्रावण कातडीला लागले तर कित्येकदा काही तास वेदनाही होत नाही. तोवर फ्लुओराइड आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते, हाडांपर्यंत पोचते. जास्त प्रमाणात गेले तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. यावर उतारा म्हणून लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसलेल्या वॉशिंग सेंटरवर हे रसायन असूच नये, असे माझे ठाम मत आहे. आणि ‘आम्ल नाही’ असे सांगून विकलेला कॉस्टिकचा क्लीनर निर्धोक ठरत नाही. सोड्याने घासलेला ॲल्युमिनियमचा डबा काळा पडतो, तेच चाकाचे होते. पीएच सातच्या आसपासचा साबण, भरपूर पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरे.

‘हिवाळा संपला, धोका संपला’ हेही खरे नाही. कडक थंडीत गंजण्याची रासायनिक क्रिया मंदावते. बर्फ वितळू लागल्यावर ती जोर धरते. शिवाय आता अनेक ठिकाणी साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. रॉकी पर्वतातल्या रस्त्यांवर पडणारे बरेचसे युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येते. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेली की सुकते. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्के आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढून ओलेच राहते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २००२ च्या अभ्यासात म्हणूनच दुहेरी निकाल लागला: द्रावणात बुडवून ठेवल्यास साधे मीठ जास्त गंजवते, दमट हवेत मॅग्नेशियम क्लोराइड. ट्रक उबदार गॅरेजमध्ये लावला म्हणजे जपला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. न धुता आत आणलेल्या गाडीवरचा खारा बर्फ वितळतो आणि ऊब त्या क्रियेला वेगच देते. आधी धुवा, मग आत घ्या.

आणि धुताना समोरची बाजूच धुऊ नका. खरे नुकसान दिसत नाही तिथे होते: जोडचाकांच्या मधल्या फटीत, टायर जिथे रिमवर बसतो तिथे, आणि चाक लोखंडी हबला टेकते तिथे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे विद्युतघटच. त्यात झिजते ॲल्युमिनियम. चाक हबला असे चिकटते की हातोड्यानेही सुटत नाही. चाक बसवण्याआधी हबवरची जुनी पपडी तारेच्या ब्रशने काढा आणि चाक जिथे मध्यभागी बसते त्या हबच्या उंचवट्यांवर गंजरोधक ग्रीसचा पातळ हात द्या. चाकाच्या सपाट टेकणाऱ्या भागावर ग्रीस लावू नका. तिथे घसरण झाली तर नट सैल पडतात. त्याच कारणाने तिथे जाड रंगाचा थरही नको. नट टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाइतके आवळा आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासा.

रिमच्या काठावरचे खड्डे वेल्डिंग करून भरून देणारे कारागीर भेटतात. ते काम करून घेऊ नका. घडाई केलेली ही चाके बहुधा ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात आणि तो उष्णतेच्या नेमक्या प्रक्रियेने बळकट केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने त्याचे बळ त्याच जागी उतरते, आणि कित्येक टनांचा भार पेलताना तडा तिथेच जातो. तडा दिसलेले चाक गाडीवरून उतरवून भंगारात द्या, आणि देण्याआधी कापून टाका, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागणार नाही.