काळ्या रंगाखालची जपानी

नवीकोरी गिटार कुणीही घेईल. पण साठच्या दशकातली एखादी विचित्र इलेक्ट्रिक गिटार शोधायची आणि तिला पुन्हा वाजती करायची, यातली मजा वेगळीच. आणि जबाबदारीसुद्धा!

पगार झाला की कुणाचे पैसे मोबाइलवर जातात, कुणाचे ट्रेकिंगच्या बुटांवर. माझे ८,५०० रुपये गेल्या वर्षी एका गिटारवर गेले. तीही न वाजणाऱ्या! आई म्हणाली, "एवढ्यात नवी आली असती की गं." बरोबरच होतं तिचं.

गिटार निघाली होती वसईतल्या एका घराच्या माळ्यावरून. विकणारी मुलगी कॉलेजात शिकणारी. "आजोबांची आहे, नुसती पडून असते," म्हणाली. अंगभर काळा ऑइलपेंट फासलेला, तारा गंजलेल्या. पण पिकअप्स तब्बल चार, आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्विच! मागच्या प्लेटवर 'मेड इन जपान'. हेडवर पत्र्याची छोटीशी पट्टी होती. ओढणीने पुसली आणि अक्षरं दिसली, टीस्को. मी घासाघीस न करता पैसे दिले.

ही टीस्को आहे तरी कोण?

टीस्को ही जपानी कंपनी, चाळीसच्या दशकात सुरू झालेली. १९६५ च्या जानेवारीत 'द व्हेंचर्स' हा अमेरिकन बँड जपानला गेला आणि तिकडची पोरं इलेक्ट्रिक गिटारसाठी अक्षरशः वेडी झाली. या लाटेला तिथे 'एलेकी बूम' म्हणतात. तिकडे अमेरिकेतही बीटल्समुळे घरोघरी गिटार हवी होती, तीही स्वस्तात. मग टीस्कोची गिटार्स जहाजं भरभरून निघाली. काहींवर तर टीस्कोचं नावही नसायचं, 'सिल्व्हरटोन'सारख्या दुसऱ्याच ब्रँडचं असायचं.

कारखान्यातली मंडळी मात्र भन्नाट डोक्याची. एका मॉडेलच्या अंगालाच हात घालून उचलायला भोक, दुसऱ्याच्या पोटात चक्क अॅम्प्लिफायर आणि स्पीकर. 'मे क्वीन' तर थेट चित्रकाराच्या रंगांच्या पॅलेटसारखी! १९६७ मध्ये कावाई कंपनीने टीस्को विकत घेतली. पुढे बरीच वर्षं ही गिटार्स 'स्वस्तातली खेळणी' म्हणून हिणवली गेली.

मग राय कूडर या गिटारवादकाने टीस्कोचा 'गोल्ड फॉइल' पिकअप आपल्या फेंडर गिटारला बसवला आणि त्या आवाजाची चर्चा सुरू झाली. झालं! लोक जुन्या टीस्को घ्यायचे, पिकअप काढून विकायचे आणि बाकीचं लाकूड अडगळीत. म्हणून आज सगळे भाग शाबूत असलेली टीस्को दिसली की आमच्यासारख्यांचं काळीज धडधडतं.

आधी बघा, मग खोला

दादरला एका जुन्या चाळीत गिटार रिपेअर करणारे एक काका आहेत. त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि नेककडे एका टोकातून पाहिलं. "वाकलीय." आजकालच्या गिटारमध्ये नेकच्या आत ट्रस रॉड असतो, तो फिरवून बाक काढता येतो. त्या काळातल्या कित्येक स्वस्त जपानी गिटार्समध्ये फिरवता येईल असा रॉडच नाही. नशीब, बाक थोडाच होता. काकांनी फ्रेट्स घासून एका पातळीत आणल्या, नेकच्या खोबणीत व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालून कोन बदलला आणि हलक्या तारा लावल्या. ताण कमी, बाक कमी.

नॉब फिरवले की खरखर यायची. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक नॉब वीस-तीस वेळा फिरवला. मग मल्टिमीटर. तीन पिकअप्स ठीक. तिसऱ्या नंबरचा मात्र ठार बंद, आतली तार तुटलेली. केसाहून बारीक तांब्याची तार, तिचे हजारो वेढे. काकांनी पिकअप नव्याने गुंडाळला. खर्च ४,००० रुपये. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुम्हालाही असली गिटार घ्यायची असेल, तर तीन गोष्टी पाळा. नेक वाकडी असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, तो गिटारहून जास्त होऊ शकतो. प्रत्येक पिकअप वेगवेगळा वाजवून बघा. आणि काढलेला जुना स्क्रूही फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. उद्या कुणाला तुमचं काम उलटवावंसं वाटलं, तर उलटवता आलं पाहिजे.

रंग काढायचा?

आता राहिला काळा ऑइलपेंट. खाली मूळचा लालसर सनबर्स्ट डोकावत होता. मी सँडपेपर घेऊनच गेले होते. काका म्हणाले, "रंग कुणी दिला ते आधी विचार."

मी वसईला फोन लावला. तो आजोबांनीच घेतला.

"गिटार विकली? मला वाटलं, रिपेअरला दिलीय."

काय बोलावं सुचेना. परत देते म्हटलं. ते म्हणाले, "वाजायला लागली की घेऊन ये. मग बघू."

एका रविवारी गेले. अंकलनी सांगितलं, १९६९ साली बोटीवर कामाला असलेल्या मोठ्या भावाने ती कोबेमध्ये सेकंडहँड घेतली होती. लग्नात वाजवणारा त्यांचा चौघांचा बँड होता. बाकीच्यांच्या गिटार्स गावातल्या सुताराने केलेल्या, काळ्या रंगवलेल्या. परदेशी गिटार आणायची तेव्हा कुणाची ऐपत! "स्टेजवर माझी एकट्याची चमकायची. बरं दिसेना. म्हणून मीपण काळी केली."

सँडपेपर माझ्या बॅगेतच राहिला.

मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही तुमचीच आहे अंकल, ठेवा." त्यांनी मान हलवली. नातीची फी भरून झाली होती, बोटंही आता नीट वळत नव्हती. "माझ्याकडे राहिली तर परत माळ्यावरच जाईल. तू वाजव. फक्त नाताळात घेऊन येत जा. आणि रंग राहू दे."

मग सवयीने त्यांनी एकच स्विच चालू ठेवला, पहिला. मी म्हटलं, "तिसरा लावून बघा ना, आम्ही दुरुस्त केलाय."

"तिसरा?" अंकल हसायला लागले. "तो तर कोबेहून आला तेव्हापासूनच बंद होता!"

त्यांनी स्विच दाबला आणि तार छेडली. पन्नासहून जास्त वर्षं त्यांची असलेली गिटार, आणि हा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.